धर्म सोडण्याचा हक्क आणि डाव्यांचे मौन

पुरोगामी मंडळींच्या बैठकांतून एक वाक्य गेली साठ वर्षे ऐकू येत आहे : ‘मुद्दा बरोबर आहे, पण ही त्याची वेळ नव्हे.’ १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई सात मुसलमान स्त्रियांना बरोबर घेऊन मुंबईच्या सचिवालयावर गेले आणि तोंडी तलाकाविरुद्ध त्यांनी आवाज उठविला. तेव्हा त्यांना विरोध केवळ मुल्लामौलवींनीच केला असे नव्हे. इहवादाची शपथ घेणाऱ्या अनेकांनीही मान फिरविली. दलवाई परके नव्हते. ते राष्ट्र सेवा दलात वाढलेले, समाजवादी चळवळीतले. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले आणि ३ मे १९७७ रोजी, वयाची पंचेचाळीस वर्षेही पूर्ण होण्यापूर्वी, ते गेले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांच्या देहावर कोणतेही धार्मिक संस्कार झाले नाहीत. त्यांच्या हयातीत ‘ती वेळ’ आली नाही. ती आली २०१७ साली, सर्वोच्च न्यायालयात. आणि २०१९ साली तिच्यावर कायद्याचे शिक्कामोर्तब केले ते अशा सरकारने, ज्याला मुसलमान स्त्रीच्या दुःखापेक्षा मुसलमान पुरुषाला तुरुंग दाखविण्यात अधिक रस होता. डाव्यांनी वाटेत टाकून दिलेला प्रश्न बेवारस पडून राहत नाही. दुसरा कोणी तरी तो उचलतो आणि आपल्या घरी नेऊन वाढवितो. हा धडा साठ वर्षांत शिकता आला नसेल, तर तो आता एका दुसऱ्या प्रश्नाच्या निमित्ताने पुन्हा शिकण्याची पाळी आली आहे.

हा दुसरा प्रश्न म्हणजे मुसलमान कुटुंबात जन्मलेल्या, वाढलेल्या आणि पुढे देशांतर केल्यावर ज्यांच्या धार्मिक श्रद्धा बदलल्या अशा माणसांचा. युरोप-अमेरिकेत ही माणसे आज हजारोंनी आहेत. त्यांच्याविषयी उजवे पक्ष अखंड बोलतात; मौलवी बोलतात; फक्त डावे बोलत नाहीत. या मौनाची चिकित्सा झाली पाहिजे.

बदल एकाच दिशेचा नाही

प्रथम वस्तुस्थिती. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राच्या २०१७ च्या पाहणीनुसार त्या देशात मुसलमान म्हणून वाढलेल्या प्रौढांपैकी जवळपास एक चतुर्थांश लोक आता स्वतःला मुसलमान म्हणवीत नाहीत. ख्रिस्ती म्हणून वाढलेल्यांत धर्म सोडणाऱ्यांचे प्रमाण साधारण तेवढेच आहे. धर्म सोडलेल्या या मुसलमानांपैकी निम्म्याहून अधिक कोणताच धर्म मानत नाहीत. पाचातला सुमारे एक ख्रिस्ती झाला आहे. उलट बाजूने, बाहेरून इस्लाममध्ये येणाऱ्यांची संख्याही जवळजवळ इतकीच आहे, त्यामुळे एकूण बेरीज-वजाबाकी सारखीच राहते. म्हणजे ‘इस्लाम कोसळत आहे’ ही उजव्यांची आरोळी खोटी. आणि ‘मुसलमान कधी बदलतच नाही’ हे मौलवींचे व उजव्यांचे समाईक मतही खोटे. मुसलमान इतर माणसांसारखाच माणूस आहे आणि मोकळी हवा मिळाली की इतरांसारखाच विचार करतो, एवढाच या आकड्यांचा अर्थ.

हा विचार एकाच मुक्कामाला पोहोचत नाही. इराणमधून परागंदा झालेल्या मीना अहादी आणि मरियम नमाजी यांनी धर्म पूर्णपणे सोडला. सोमालियात जन्मलेल्या अयान हिर्सी अली प्रथम निरीश्वरवादी झाल्या आणि २०२३ साली त्यांनी आपण ख्रिस्ती झाल्याचे जाहीर केले. इजिप्तचे प्राध्यापक नस्र हमीद अबू झैद यांनी तर इस्लाम सोडलाच नव्हता. कुराणाचा अर्थ त्याच्या काळाच्या आणि भाषेच्या संदर्भात लावला पाहिजे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. १९९५ मध्ये कैरोच्या न्यायालयाने त्यांना धर्मत्यागी ठरविले आणि मुसलमान स्त्रीचा विवाह धर्मत्याग्याशी टिकू शकत नाही म्हणून त्यांचा विवाहही रद्द केला. पतिपत्नी दोघेही हॉलंडला गेले. लायडन विद्यापीठात शिकवीत असतानाही अबू झैद आपण मुसलमान असल्याचेच सांगत राहिले.

या प्रकरणाची एक बाजू अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने विसरू नये. धर्माच्या नावावर ठेवी गोळा करून १९८०च्या दशकाच्या अखेरीस हजारो ठेवीदारांना बुडविणाऱ्या इजिप्तमधील ‘इस्लामी गुंतवणूक कंपन्यां’वर अबू झैद यांनी टीका केली होती; आणि त्यांच्या बढतीविरुद्ध अहवाल लिहिणारे विद्वान अशाच एका कंपनीचे धार्मिक सल्लागार राहिले होते. पाखंडाचा आरोप जेथे होतो तेथे हिशेबाची वही कोठे आहे हे आधी पाहावे, हा इतिहासाचा जुना अनुभव आहे.

आणि चौथाही एक प्रकार आहे. देशांतरानंतर कित्येकांची श्रद्धा सैल होण्याऐवजी घट्ट होते. तोही माणसाचा हक्कच आहे. सोडण्याचा, बदलण्याचा, नव्याने समजून घेण्याचा आणि टिकविण्याचा, असे हे चार वेगळे हक्क नव्हेत. एकाच हक्काच्या या चार बाजू आहेत. त्यांतील एक बाजू कापली की उरलेल्या तिन्ही हक्क राहत नाहीत, सक्ती बनतात. ज्याला धर्म सोडताच येत नाही त्याची श्रद्धा खरी की भीतीपोटीची, हे त्याला स्वतःलाही सांगता येणार नाही.

गिरणी, धरण आणि मशीद

श्रद्धा ही केवळ मनातली गोष्ट आहे असे समजणाऱ्याने ब्रॅडफर्ड शहराचा इतिहास पाहावा. पाकिस्तानच्या ताब्यातील काश्मीरमध्ये मिरपूर येथे १९६० च्या दशकात मंगला धरण बांधले गेले. एक लाखाहून अधिक माणसे विस्थापित झाली. त्यांतील अनेकजण ब्रिटनच्या कापड गिरण्यांत रात्रपाळीला लागले. ही माणसे दर्ग्याला जाणारी, पिराला मानणारी होती. त्यांचा धर्म गावाचा होता, ग्रंथाचा नव्हता. त्यांची मुले ब्रिटनमध्ये वाढली तेव्हा त्यांच्यासमोर प्रश्न होता तो रस्त्यात मारहाण करणाऱ्या गोऱ्या टोळ्यांचा आणि बेकारीचा. त्यांनी १९७८ मध्ये स्वतःची युवक संघटना काढली. तिचे नाव होते ‘आशियाई युवक चळवळ’. त्या नावात धर्म नव्हता. तीत मुसलमान, हिंदू, शीख मुले खांद्याला खांदा लावून उभी होती. १९८१ मध्ये अटक झालेल्या ‘ब्रॅडफर्डच्या बारा’ तरुणांचा खटला गाजला आणि पुढल्या वर्षी ते निर्दोष सुटले.

मग काय झाले? गिरण्या बंद पडत गेल्या. कामगार संघटनेचे छत्र गेले. १९७३ नंतर तेलाचे भाव कडाडले आणि सौदी अरेबियाचा पैसा जगभरच्या मशिदींकडे वाहू लागला. त्याच सुमारास ब्रिटनमधील स्थानिक सत्तेला ‘समाजाचे प्रतिनिधी’ हवे होते, आणि तिने ते कामगार वस्तीत शोधले नाहीत, मशिदीत शोधले. १९८१ साली ब्रॅडफर्डमध्ये मशिदींची परिषद स्थापन झाली आणि नगरपालिकेने तिला मान्यता व उत्तेजन दिले. या नगरपालिकेच्या राजकारणात लेबर पक्ष कोणी बाहेरचा नव्हता. ज्या तरुणाला काल ‘आशियाई कामगार’ म्हणून ओळख होती, त्याला आज घरासाठी, अनुदानासाठी, शाळेसाठी ‘मुसलमान’ म्हणून रांगेत उभे राहावे लागले. १४ जानेवारी १९८९ रोजी याच शहरात सलमान रश्दी यांच्या कादंबरीची प्रत जाळण्यात आली, तेव्हा सर्वांना धक्का बसला. आठ वर्षे पेरले होते तेच उगवले होते.

यातून निष्पन्न होणारी गोष्ट साधी आहे. परदेशात गेलेल्या गरीब माणसासाठी धर्म म्हणजे केवळ ईश्वरविषयक मत नसते. नोकरीची शिफारस, अडीअडचणीला उसने पैसे, मुलीचे लग्न, मेल्यावर खांदा देणारे चौघे, हे सारे त्याला जमातीतून मिळते. सरकार जितके हात आखडते घेते तितकी जमात बळकट होते. म्हणून जेव्हा असा माणूस ‘माझा विश्वास उरला नाही’ असे म्हणतो, तेव्हा तो केवळ एक मत सोडत नाही. आपला सारा विमा एका क्षणात गमावतो. श्रीमंत नास्तिकाला हे भय नसते. त्याच्या नास्तिकतेचे फार तर कौतुक होते. दोन खोल्यांत आईवडिलांबरोबर राहणाऱ्या मुलीला मात्र आपले मत उच्चारण्यापूर्वी महिन्याचे भाडे कोठून येईल याचा विचार करावा लागतो. विवेकस्वातंत्र्याला आर्थिक पाया लागतो, हे समाजवाद्यांनी जगाला शिकविलेले तत्त्व. नेमके ते याच ठिकाणी त्यांना आठवू नये, हे नवल आहे.

दोन आक्षेप

या मौनाच्या समर्थनार्थ दोन आक्षेप मांडले जातात. दोन्ही प्रामाणिक आहेत, म्हणून त्यांना उत्तर दिले पाहिजे.

पहिला आक्षेप असा : युरोपातील मुसलमान हा दुर्बल, गरीब आणि द्वेषाचा बळी आहे, त्याच्या धर्मावर टीका करणारास साथ देणे म्हणजे बळी पडणाऱ्याला आणखी एक लाथ मारणे. या युक्तिवादात पहिला भाग खरा आहे. परंतु जमात दुर्बल असली म्हणजे तिच्यातील प्रत्येक माणूस सारखाच दुर्बल असतो, हे गृहीत चुकीचे आहे. दुर्बल जमातीतही मौलवी असतो आणि मोलकरीण असते; घरमालक असतो आणि पोटभाडेकरू असतो. गावकुसाबाहेरच्या वस्तीतही नवरा बायकोला मारतो, तेव्हा नवरा दलित आहे म्हणून कोणी समाजवादी गप्प बसला तर त्याला काय म्हणावे? अल्पसंख्याकांतील अल्पसंख्याक, म्हणजेच बोलण्याचे धाडस करणारा एकटा माणूस, हाच खरा दुर्बल होय. त्याला सोडून जमातीच्या पुढाऱ्याशी हातमिळवणी करणे म्हणजे दुर्बलांची बाजू घेणे नव्हे. ती एक छोटी सरंजामशाहीच मान्य करणे आहे.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी : या माणसांना उजवे वापरून घेतात, म्हणून त्यांच्यापासून दूर राहिलेले बरे. येथे कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली आहे. हॉलंडचे उदाहरण घ्यावे. अयान हिर्सी अली १९९२ मध्ये तेथे आश्रयाला गेल्या आणि पुढे काम करू लागल्या त्या मजूर पक्षाच्या अभ्यास संस्थेत. मुसलमान स्त्रियांच्या घरातील कोंडमाऱ्याविषयी त्या जे बोलत होत्या ते त्या पक्षाला अडचणीचे वाटले. २००२ मध्ये त्या उजव्या उदारमतवादी पक्षात गेल्या, २००३ मध्ये संसदेत निवडून आल्या आणि २००६ नंतर अमेरिकेतील एका प्रतिगामी संशोधन संस्थेत दाखल झाल्या. २००७ मध्ये त्याच मजूर पक्षाच्या इराणी वंशाच्या एका तरुण नगरसेवकाने धर्म सोडलेल्यांची समिती स्थापण्याचे ठरविले. त्याच्यावर हल्ला झाला. पक्षाने त्याच्यापासून अंतर राखले. आणि काही आठवड्यांतच तो मुस्लिमद्वेष्ट्या खेर्ट विल्डर्स यांच्या जोडीने वर्तमानपत्रात लिहिताना दिसला. त्या दोघांची पुढची मते समर्थनीय नाहीत. पण घराचे दार लावून घ्यायचे आणि मग पाहुणा शेजाऱ्याकडे उतरला म्हणून त्यालाच दोष द्यायचा, हा कोणता न्याय?

आणि सगळेच शेजाऱ्याकडे उतरले असेही नाही. जर्मनीत २००७ साली धर्म सोडलेल्या मुसलमानांची पहिली परिषद स्थापणाऱ्या मीना अहादी आणि त्याच वर्षी ब्रिटनमध्ये तशीच परिषद उभारणाऱ्या मरियम नमाजी या दोघीही इराणी कम्युनिस्ट चळवळीतल्या. खोमेनी राजवटीने अहादी यांच्या पतीला फाशी दिले. फाशीच्या शिक्षेविरुद्ध, निर्वासितांच्या बाजूने आणि वंशद्वेषाविरुद्ध या स्त्रिया सतत लढत आल्या आहेत. २०१५ मध्ये नमाजी यांना वॉरिक विद्यापीठात व्याख्यानासाठी बोलाविले असता तेथील विद्यार्थी संघटनेने ‘प्रक्षोभक’ ठरवून प्रथम परवानगी नाकारली. बोंबाबोंब झाल्यावर निर्णय फिरविला. कम्युनिस्ट बाईला बोलू न देणारे स्वतःला डावे म्हणवीत होते! उजव्यांच्या कच्छपी लागलेल्याला ‘उजवा’ म्हणून टाळायचे आणि डाव्या राहिलेलीला ‘प्रक्षोभक’ म्हणून टाळायचे. तेव्हा टाळण्याचे कारण काही वेगळेच आहे. आणि त्या कारणाचे साधे नाव भीती असे आहे.

घरचा आहेर

परदेशातील डाव्यांना दोष देऊन येथल्या डाव्यांनी मोकळे होऊ नये. बांगला देशातून १९९४ मध्ये परागंदा झालेल्या तस्लिमा नसरीन भटकत भटकत कोलकात्यात स्थिरावल्या होत्या. २००३ मध्ये त्यांच्या आत्मचरित्राच्या एका खंडावर डाव्या आघाडीच्या सरकारने बंदी घातली. ती २००५ मध्ये उच्च न्यायालयाने उठविली. नोव्हेंबर २००७ मध्ये कोलकात्यात त्यांच्याविरुद्ध दंगल झाली तेव्हा त्याच सरकारच्या राज्यातून त्यांना जयपूरला, तेथून दिल्लीला हलविण्यात आले आणि काही महिन्यांनी देशही सोडावा लागला. दंगलखोर शहरात राहिले; लेखिका गेली. त्या व्यवहारातून डाव्यांना मते तरी मिळाली काय? २०११ मध्ये ते सत्तेवरून गेले ते गेलेच.

पाकिस्तानचा दाखला याहून बोलका आहे. १९४८ मध्ये मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या अठराव्या कलमात धर्म बदलण्याचा हक्क नमूद झाला तेव्हा सौदी अरेबियाने हरकत घेतली; आणि पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री जफरुल्ला खान यांनी मात्र कुराणाचा आधार देऊन त्या कलमाचे समर्थन केले. जफरुल्ला खान अहमदिया होते. १९७४ साली पाकिस्तानने घटना बदलून त्यांच्या साऱ्या पंथालाच ‘मुसलमान नव्हेत’ असे ठरविले. ही घटनादुरुस्ती कोणी केली? झियांच्या लष्कराने नव्हे. ‘इस्लामी समाजवाद’ अशी घोषणा देणाऱ्या भुट्टो यांच्या पक्षाने केली. मौलवींना शांत करण्यासाठी समाजवाद्याने एक माणूस दिला की मौलवी दुसरा मागतो. आणि शेवटी समाजवाद्यालाच मागतो. भुट्टो यांचे पुढे काय झाले ते सर्वविदित आहे.

उजव्यांचा कळवळा

आता उजव्यांच्या कळवळ्याकडे वळू. इस्लाम सोडणाऱ्या माणसाविषयी भारतातील हिंदुत्ववादी मोठे प्रेम दाखवितात. या प्रेमाची कसोटी सोपी आहे. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याने पाकिस्तान, बांगला देश व अफगाणिस्तान येथून आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती यांना सवलत दिली. त्या यादीत निरीश्वरवादी नाही. अहमदिया नाही. ढाक्यात खुनाची धमकी आल्यावर जीव मुठीत धरून सरहद्द ओलांडणारा, मुसलमान घरात जन्मलेला विवेकवादी लेखक या कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. शिवाय १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर भारताने आजवर सही केलेली नाही. मग हे प्रेम कोणावर? माणसावर नाही, त्याच्या मुखातून निघणाऱ्या इस्लामविरोधी वाक्यावर आहे. वाक्य हवे, माणूस नको.

दुसरी कसोटी. १९६७ मध्ये ओरिसात सुरू झालेली आणि आता उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, गुजरात अशा राज्यांत कडक झालेली धर्मांतरविरोधी कायद्यांची मालिका पाहा. नावात ‘स्वातंत्र्य’ असलेल्या यांतील कायद्यांखाली धर्म बदलताना सरकारी अधिकाऱ्याला कळवावे लागते. म्हणजे मुसलमानाने इस्लाम सोडला तर ते स्वातंत्र्य, आणि हिंदूने हिंदू धर्म सोडला तर ते कारस्थान! १९३५ मध्ये येवल्यास धर्मत्यागाची घोषणा करणाऱ्या आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंसह बौद्ध धम्म स्वीकारणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना जिल्हाधिकाऱ्याच्या कचेरीत अर्ज द्यावा लागला असता काय? महाराष्ट्राला तरी हे सांगावे लागू नये की धर्मांतर ही गुलामाची पहिली मोकळी कृती असू शकते. ज्या दाराने बाहेर जाता येते त्याच दाराने आत येता आले पाहिजे. एकाच बाजूने उघडणारे दार हा पिंजऱ्याचा सापळा असतो.

पश्चिमेतील सरकारांचा न्यायही याच माळेतला आहे. २०१४ मध्ये ब्रिटनने एका अफगाण तरुणाला, तो नास्तिक झाल्याच्या कारणावरून, आश्रय दिला. हे योग्यच झाले. पण २०१८ मध्ये धर्म सोडलेल्या एका पाकिस्तानी माणसाचा अर्ज फेटाळताना अधिकाऱ्यांनी प्लेटो आणि ॲरिस्टॉटल यांची नावे त्याला सांगता आली नाहीत, हेही कारण दाखविले. गळ्यावर सुरी आहे की नाही हे न पाहता ग्रीक तत्त्वज्ञानाची तोंडी परीक्षा! पुढल्या वर्षी त्याला आश्रय मिळाला, तो ओरड झाल्यावर व अपिलात गेल्यावर.

कार्यकर्त्यांचे काम

याउलट एक उदाहरण कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावे. मे १९८९ मध्ये रश्दी यांच्या विरोधात लंडनला पार्लमेंटसमोर प्रचंड मोर्चा निघाला. त्याच ठिकाणी मुसलमानांना शिव्या देत नॅशनल फ्रंटचे गोरे गुंडही जमले होते. या दोहोंच्या मध्ये मूठभर स्त्रिया फलक घेऊन उभ्या राहिल्या. त्या साऊथॉलच्या काळ्या व आशियाई स्त्री-चळवळीतल्या, मूलतत्त्ववादाविरुद्ध नव्याने संघटित झालेल्या स्त्रिया होत्या. त्यांत मुसलमान घरांतल्या होत्या, हिंदू घरांतल्या होत्या. दोन्ही बाजूंनी त्यांच्यावर शिव्यांचा वर्षाव झाला. शेवटी त्यांना संरक्षण पोलिसांचे घ्यावे लागले, आणि हेच पोलिस त्यांना एरवी वंशद्वेषी म्हणून ठाऊक होते. समाजवाद्याची जागा कोणती, असा ज्याला संभ्रम असेल त्याने एवढेच पाहावे. ती जागा त्या दोन जमावांच्या मध्ये आहे. ती गैरसोयीची आहे. पण दुसरी कोणतीही जागा त्याची नाही.

त्या जागेवरून करावयाची कामे अगदी मूर्त आहेत. धर्म सोडणाऱ्याचा, बदलणाऱ्याचा आणि पाळणाऱ्याचा हक्क एकच आहे, हे पक्षाच्या व्यासपीठावरून आणि मुसलमान वस्तीतही त्याच शब्दांत बोलले पाहिजे. धर्मांतरविरोधी कायदे रद्द व्हावेत, निर्वासितांसाठी धर्मनिरपेक्ष कायदा व्हावा आणि त्यात निरीश्वरवाद्याचाही उल्लेख असावा, ही मागणी उघड केली पाहिजे. केरळातील मुसलमान घरात जन्मलेल्या, पण श्रद्धा न राहिलेल्या एका स्त्रीने आपल्याला शरियतचा वारसा कायदा लागू होऊ नये, सर्वसाधारण भारतीय वारसा कायदा लागू व्हावा, असा अर्ज केला आणि एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची दखल घेतली. अशा माणसांना ऐच्छिक नागरी कायद्याची वाट मोकळी करून देण्याची मागणी समाजवाद्यांची नसेल तर कोणाची असावी? आणि सर्वांत महत्त्वाचे : घरातून बाहेर काढलेल्या मुलाला वा मुलीला राहायला खोली, हाताला काम, आणि संकटात धावून येणारे चार जण मिळाले पाहिजेत. जमात जे देते ते चळवळीला देता आले नाही, तर माणूस पुन्हा जमातीकडे जाईल किंवा उजव्यांच्या सभेत टाळ्या घेईल. कोकणातून आखाती देशांत गेलेल्या आणि मालकाच्या मर्जीवर परवाना टिकविणाऱ्या मजुराला तर एवढीही निवड नाही. त्याच्यापुढे मालक, जमात आणि सरकार यांची एकच भिंत उभी असते.

दलवाई यांना जी वेळ दिली गेली नाही ती आज ज्यांना हवी आहे, ते दाराशी उभे आहेत. त्यांना पुन्हा ‘नंतर या’ असे सांगितले, तर नंतर जो त्यांना घेऊन येईल तो समाजवादी नसेल.